उंदीरसरांचा पहिला तास

त्यांना उंदीरसर म्हणायला नेमकी कुणी सुरुवात केली ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण नाव कसं पडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोकप्रशासन विभागात पहिल्यांदा संगणक आले तेव्हा पदव्युत्तर वर्गातल्या बऱ्याच मुलांनी माउस कधी हातात धरला नव्हता. एक जण तर तो उचलून पडद्यालाच टेकवत होता. सर एकेकाच्या मागे उभे राहून शांतपणे सांगायचे, "एवढा घट्ट आवळू नकोस. पळून नाही जात तो." तेवढ्यावरून बारसं झालं. पुढे माउस काय, सगळा संगणकच मुलांच्या खिशात आला, तरी नाव काही सुटलं नाही. सरांना त्याचा राग नव्हता. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी उंदरीण. बरं आहे, आता डब्यात काही कुरतडलेलं सापडलं तर माझ्या नावावर घाला."

विभागाची इमारत दुमजली होती. वर्ग वरच्या मजल्यावर, आणि संगणकाची खोली खाली, जिन्याच्या पोटात. तिला एकच खिडकी, तीही सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी. यंत्रं तापू नयेत म्हणून पंखा यंत्रांकडे वळवलेला असायचा आणि मुलं घामाघूम व्हायची. सरांच्या विषयाचं नाव कागदावर भारदस्त होतं, 'शासनासाठी माहिती तंत्रज्ञान', पण त्याचे गुण निकालात धरत नसत. तास लागायचा तो जेवणानंतर, सगळ्यात शेवटी. निम्मी मुलं पेंगायची आणि उरलेली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडीवर ठेवून वाचायची. कुणी धीट असला तर तोंडावर सांगायचा की सर, आम्ही अधिकारी होणार, हे काम करायला आमच्या हाताखाली माणसं असतील.

"असू देत ना," सर म्हणायचे. "माणसांनी काय करून ठेवलंय ते तरी कळायला हवं की नको? नाहीतर उंटावर बसून शेळ्या हाकाल, आणि शेळ्या केव्हाच दुसऱ्याच्या शेतात गेलेल्या असतील."

मुलं हसायची. पालथ्या घड्यावर पाणी, हे सरांनाही कळत होतं. पण घडा पालथा आहे म्हणून पाणी ओतायचं थांबवणारा तो माणूस नव्हता. दर वर्षी ते अर्ज करायचे की हा विषय अनिवार्य करा, याचे गुण धरा. दर वर्षी विभागप्रमुख म्हणायचे की बघू. विभागप्रमुख बदलले, पण 'बघू' काही बदललं नाही.

सरांची बायको शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून बोलायचं. पलीकडच्यानं वाकायचं आणि अलीकडचीनं आवाज चढवायचा. सबंध शहराचं पाणी जिच्या घशातून जातं ती बाई, असं ती स्वतःबद्दल म्हणायची. घरी आली की आधी गरम पाण्याच्या गुळण्या करायची आणि मग दिवसभराचे किस्से सांगायची. सरांच्या तासाला जे काही मोलाचं होतं, ते या किश्श्यांतूनच आलेलं होतं.

पहिल्या तासाचा धडा असाच आला. एकदा तिच्याकडे एक बिल परत आलं. पोस्टमननं त्यावर लिहिलं होतं, असा पत्ता नाही. पत्ता होता, 'घर क्रमांक ३ डिसेंबर.' दोघं नवरा-बायको पोट धरून हसले. मग सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या वस्तीत भावाभावांत वाटण्या होऊन एका घराची दहा-बारा घरं झाली होती, म्हणून तिथले क्रमांक तिरप्या रेघेचे. ३/१२ म्हणजे तीन नंबरातलं बारावं बिऱ्हाड. कुणीतरी ते संगणकाच्या तक्त्यात भरलं, आणि तक्त्यानं आपल्या अकलेनं त्याची तारीख करून टाकली.

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला सर मुलांना जुन्या वस्तीतले पत्ते द्यायचे आणि तक्त्यात भरायला सांगायचे. थोड्याच वेळात खोलीत खसखस पिकायची. कुणाच्या पडद्यावर ५ मे राहायला आलेला असायचा, कुणाच्या ८ जून. सर हसू देत. मग विचारायचे, "झालं हसून? आता सांगा, या घरातला माणूस कुठे गेला?"

उत्तर कुणी देत नसे. सर स्वतःच सांगायचे की उद्या तुमच्यासमोर एखाद्या कंपनीचा माणूस चकचकीत पडदा लावून उभा राहील. तो त्याची माहिती घालून दाखवेल, आणि सगळं झकास चालेल. तुम्ही म्हणायचं, आमचे पत्ते घालून दाखवा. चुकलं तर कोण दुरुस्त करणार, ते विचारायचं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही. यंत्र कसं चालतं हे विसरलात तरी चालेल, पण एवढं विसरू नका.

एका वर्षी मात्र या प्रश्नाला उत्तर आलं. मागच्या बाकावरची एक सडपातळ मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माणूस घरातच आहे. आपल्याला दिसायचा बंद झालाय."

ही मुलगी एका बसचालकाची. वर्गात ती इतके प्रश्न विचारायची की मुलांनी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं. सरांना मूलबाळ नव्हतं. ही पोर तास संपल्यावर शंका घेऊन यायची, मग घरी यायला लागली, मग सरांच्या बायकोला काकू म्हणायला लागली. काकूंच्या खिडकीमागे स्टुलावर बसून तिनं सुट्टीत कितीतरी दिवस नुसतं ऐकलं होतं. त्या खिडकीवरच्या तक्रारी हाच तिच्या प्रबंधाचा विषयही झाला. सर बायकोला म्हणायचे की एवढी वर्षं घासली, त्यात ही एक निघाली, आणि एक पुरे.

प्रश्नपत्रिका परीक्षा पास झाली, अधिकारी झाली, आणि दोन-तीन ठिकाणी फिरून याच शहराच्या पाणीपुरवठ्यात आली. म्हणजे काकूंची साहेबच झाली. पहिल्या दिवशी ती खिडकीपाशी आली आणि काकू उभ्या राहिल्या. तिनं खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं. त्या दिवशी घरी येऊन काकूंनी हे तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा सरांनी पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकलं.

मग एक दिवस विभागप्रमुखांनी सरांना बोलावलं. हे प्रमुख वाईट माणूस नव्हते. सरांना त्यांनी आपल्या हातानं खुर्ची पुढे केली. म्हणाले की तुमची तपश्चर्या फळाला आली, विषय अनिवार्य होतोय, गुण धरले जाणार. वरच्या मजल्यावर नवी प्रयोगशाळा होतेय, आणि ती एक मोठी कंपनी देणार आहे. सरांचा कानांवर विश्वास बसेना. त्यांनी कंपनीचं नाव विचारलं. शहराच्या पाण्याच्या बिलांचं काम ज्या कंपनीला मिळण्याच्या बेतात होतं, तीच ती.

"आणि ते काम कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून तुमचं नाव आलंय," प्रमुख म्हणाले. "तुमच्याच विद्यार्थिनीनं सुचवलंय. जा तुम्ही. जरा समजून घ्या, एवढंच."

एवढंच म्हणाले. धमकी नाही, आमिष नाही. दाराबाहेर येईपर्यंत सरांना ते नीट उमगलंही नाही. जिना उतरताना उमगलं, आणि ते मधल्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिले.

घरी त्यांनी बायकोला नव्या प्रयोगशाळेबद्दल सांगितलं, समितीबद्दल सांगितलं. दोन्हींना जोडणारा कंपनीचा धागा सांगितला नाही. तिला आनंद झाला. मोठ्या खिडक्या असलेली खोली मिळणार का, असं तिनं विचारलं.

समितीची बैठक पाणीपुरवठ्याच्या मोठ्या दालनात झाली. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, भिंतीवर पडदा. मुख्य अभियंता अध्यक्ष होते, लेखाधिकारी होते, दोघे-तिघे नुसते मान डोलवायला होते. कंपनीचा माणूस तरुण, गोड बोलणारा. प्रश्नपत्रिका टेबलाच्या टोकाला बसली होती. सर आत आले तसा तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, हे सरांनी बघितलं. एकट्यानं ओझं उचलणाऱ्याला दुसरा हात लागल्यावर होतो तसा.

कंपनीच्या माणसानं दाखवायला सुरुवात केली. रंगीत नकाशे, उड्या मारणारे आकडे. सगळे खूश. मग प्रश्नपत्रिका म्हणाली की आता आमच्या जुन्या वस्तीची माहिती घालून दाखवा. कंपनीचा माणूस किंचित अडखळला, पण त्यानं घातली. पडद्यावर यादी सरकू लागली. तिनं हात वर करून थांबवलं. पत्त्याच्या रकान्यात ओळीनं तारखा उभ्या होत्या. त्या घरांपुढे लाल अक्षरांत 'नोंद जुळत नाही' असं होतं.

अध्यक्षांनी विचारलं की यात काय विशेष आहे. ती म्हणाली की ही घरं यंत्रणेत दिसणार नाहीत, त्यांच्या नळजोडण्या बिनपत्त्याच्या होतील, आणि बिनपत्त्याची जोडणी म्हणजे आपल्या नियमानं अनधिकृत. हे सगळं आधी दुरुस्त होऊ दे, मग सही. कंपनीचा माणूस हसला, म्हणाला की मॅडम, असल्या बारीकसारीक गोष्टी चालू झाल्यावर आपोआप मार्गी लागतात. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. लेखाधिकारी म्हणाले की उद्घाटनाची तारीख ठरून गेलीय.

मग ती सरांकडे वळली. आवाज वर्गातल्यासारखाच होता, कोवळा आणि हट्टी.

"सर, तुम्हीच सांगा यांना. हे काय झालंय?"

सगळं टेबल सरांकडे बघायला लागलं. सरांनी पडद्याकडे बघितलं. इतकी वर्षं दर पहिल्या तासाला बघितलेलं तेच चित्र समोर होतं. त्यांच्याइतकं ते कुणालाच कळत नव्हतं. आणि त्याच वेळी त्यांना वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली दिसत होती, आणि पुढच्या सगळ्या वर्षांची सगळी मुलं, ज्यांना हा विषय आता चुकवता येणार नव्हता. आज गप्प बसलं तर उद्या शेकडो जणांना बोलायला शिकवता येईल, असा काहीतरी हिशोब त्यांच्या मनात झाला. तो हिशोब चुकीचा आहे हे त्यांना तेव्हाही कळत होतं, असं पुढे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

"किरकोळ आहे," सर म्हणाले. "नंतर दुरुस्त करता येतं."

ती समोरचे कागद सरळ करायला लागली. ते आधीच सरळ होते. सगळ्यांनी सह्या केल्या, सरांनीही केली. तिनं केली नाही. तिच्या सहीवाचून काही अडलं नाही. महिना उलटायच्या आत तिची बदली जुन्या कागदपत्रांच्या गोदामात झाली.

नवी यंत्रणा वाजतगाजत सुरू झाली. नव्या वसाहतींतल्या सरळ क्रमांकांच्या घरांना बिलं फोनवर यायला लागली आणि लोक कौतुक करू लागले. जुन्या वस्तीत मात्र काही आठवड्यांनी पाना घेऊन माणसं आली. त्यांच्या हातात अनधिकृत जोडण्यांची यादी होती. घरातली माणसं समोर उभी असताना, बिलं भरल्याच्या पावत्या दाखवत असताना त्यांनी नळ बंद केले. त्यांचाही इलाज नव्हता, यादीत लिहिलं होतं.

ती सगळी माणसं काकूंच्या खिडकीवर आली. रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेली. काकूंना वरून एकच वाक्य बोलायला सांगितलं होतं, 'यंत्रणेत तुमची नोंद नाही.' त्या काचेच्या भोकातून ते वाक्य दिवसभर बोलत राहिल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे, नोंद नाही म्हणजे काय. काकूंनी हातानं त्यांचा अर्ज लिहून घेतला. तसे अर्ज त्यांनी ढिगानं घेतले आणि वर पाठवले. वरून ते परत आले, कारण अर्ज यंत्रणेतूनच भरायला हवेत, आणि यंत्रणेत अर्ज भरायला आधी नोंद लागायची.

काकूंचा घसा आधीच नाजूक. तो बसला, मग उठेचना. डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं, गाठी झाल्यात म्हणाले, बोलणं बंद करा. तक्रारखिडकीवर मुक्या बाईचं काय काम. त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली.

एका संध्याकाळी त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सर समोर बसले होते. समितीचं सगळं काकूंना कार्यालयातल्या बाकीच्यांकडून केव्हाच कळलं होतं, तरी त्यांनी आजवर एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. आवाज असा निघाला की सरांना पुढे वाकावं लागलं.

"अहो, तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

त्यांनी सरांचा सदरा घडी करून त्यांच्या बाजूच्या ढिगावर ठेवला आणि पुढचा कपडा घेतला. भांडण झालं नाही. सरांना वाटलं, एकदा तोंडसुख घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण घसा नव्हता, आणि घसा असता तरी त्या बोलल्या असत्या असं नाही.

बऱ्याच दिवसांनी सरांनी धीर केला आणि एका सोमवारी रजा टाकून प्रश्नपत्रिकेला भेटायला गोदामात गेले. शहराच्या कडेला पत्र्याची लांब शेड, आत छतापर्यंत बांधलेली दप्तरं, कुबट वास. मधोमध टेबल टाकून ती बसली होती. ती उठून उभी राहिली, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. काकूंची चौकशी केली, घशासाठी कुठल्यातरी डॉक्टरचं नाव सांगितलं. वडील निवृत्त झाले, गुडघे दुखतात, ते सांगितलं. सर बोलायला तोंड उघडायचे आणि ती दुसरंच काही काढायची. शेवटी चहा संपला. सर उठले. ती दारापर्यंत पोचवायला आली, आणि तिथे स्वतःच थांबली.

"सर, मी तुमच्यावर रागावलेली नाही," ती म्हणाली. "मला फक्त एवढंच कळत नाही, तुम्ही आम्हाला ते शिकवलंत कशाला? बाकीच्यांना आलं नाही, ते सुखात आहेत."

सर म्हणाले, "येतो." तीही "या सर" म्हणाली. पुन्हा ती त्यांच्या घरी आली नाही.

विषय अनिवार्य झाला. त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. वरच्या मजल्यावरची खोली खरोखर उजेडाची होती, ओळीनं नवी यंत्रं होती, पंखा माणसांकडे वळलेला होता. फक्त शिकवायचं काय ते कंपनीनं यंत्रांतच भरून पाठवलं होतं. मुलं येऊन बसायची, पडद्यावरचा माणूस बोलायचा, मुलं पुढच्या पानाचं बटण दाबायची, आणि शेवटी प्रमाणपत्र छापून निघायचं. एकही मूल आता तास चुकवत नसे. सरांचं काम हजेरी घ्यायचं. पहिल्या वर्षी त्यांनी एकदा पत्त्यांचे कागद काढून धडा घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलानं अगदी अदबीनं विचारलं की सर, हे परीक्षेला आहे का. नव्हतं. सरांनी कागद पिशवीत ठेवले. मुलाचं काही चुकलं नव्हतं.

जुन्या वस्तीतल्या काही घरांना पुढे पाणी मिळालं. कुणाची ओळख निघाली, कुणी जोडणी नव्यानं घेतली, कुणी शेजाऱ्याच्या नळाला नळी लावली. ते म्हातारे गृहस्थ लेकीकडे राहायला गेले म्हणे. यंत्रणा दुरुस्त झाली नाही, पण तिची सवय झाली.

आणि मग दुसऱ्या एका शहरानं तीच यंत्रणा घ्यायचं ठरवलं. तिथल्या समितीला अनुभवी तज्ज्ञ हवा होता, आणि कंपनीनं उंदीरसरांचं नाव दिलं. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं. सरांनी घरी सांगितलं तेव्हा काकू पोळ्या लाटत होत्या. आता त्या पाटीवर लिहून बोलायच्या, पाटी बाजूलाच होती. तिच्याकडे त्यांनी हात नेला नाही. सकाळी सरांच्या हातात त्यांनी डबा दिला, दारात उभ्या राहिल्या, आणि सर वळणापर्यंत गेल्यावर दार लावून घेतलं.

बैठकीत सरांना अध्यक्षांच्या उजवीकडे जागा दिली होती. त्यांचं मत विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. यंत्रणा सर्वसाधारणपणे समाधानकारक आहे, असं ते म्हणाले. समोरच्या तरुण अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं, आणि कुणीच काही विचारलं नाही.